विश्वासू सेवा आणि आनंद : एक अभ्यास

‘सेवा’ हा शब्द महाविद्यालयात आपल्या कानांवर रोज पडतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या फलकावर तो आहे, स्नेहसंमेलनाच्या भाषणांत तो आहे, निरोपसमारंभात तर तो हटकून येतो. सेवेत खरा आनंद असतो, असे वक्ते सांगतात आणि आपण टाळ्या वाजवतो. परंतु हा आनंद नेमका कोणता, तो केव्हा मिळतो, आणि पुष्कळदा मनापासून राबूनही तो का मिळत नाही, हे आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात ख्रिस्ती जीवनाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करण्याचा यत्न केला आहे. मी ख्रिस्ती घरात वाढले, म्हणून हा संदर्भ मला जवळचा. तथापि आपला वऱ्हाड हा गाडगेबाबांचा आणि तुकडोजी महाराजांचा मुलूख आहे. येथे सेवेचा प्रश्न कोणा एका धर्माचा नाही, हे वाचकांना मी सांगायला नको.

हा विषय मला ग्रंथालयात सुचला नाही, घरात सुचला. तेव्हा आरंभ तेथूनच करते.

वाशीम-पुसद रस्त्यावरचे अनसिंग हे माझे गाव. मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराला गेले होते. आम्ही नाल्या उपसल्या, झाडांसाठी खड्डे खोदले, रात्री गाणी म्हटली. हाताला फोड आले. पण मन इतके हलके झाले होते की, सेवेतला आनंद म्हणतात तो हाच, अशी माझी खात्री पटली. शिबिराहून परत आले आणि दोनच महिन्यांनी माझ्या आजीला अर्धांगाचा झटका आला. तिची उजवी बाजू गेली. आई सकाळी सोयाबीनच्या नाहीतर तुरीच्या शेतात जाई, वडील कामावर, भाऊ पुण्यात नोकरीला. आजीचे करणे माझ्याकडे आले. तिला भरवणे, अंग पुसणे, हगणे-मुतणे काढणे, दर दोन तासांनी कूस बदलणे. पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या महिन्यात मी भांडी आपटू लागले. चौथ्या महिन्यात, आजीने हाक मारली की माझ्या कपाळावर आठी चढू लागली. शिबिरातला तो आनंद कोठे गेला, हे मला कळेना. सेवा तर मी तेव्हापेक्षा दसपट करीत होते!

एके दिवशी मी पेला तिच्या ओठांना लावला. ती प्याली नाही. माझ्याकडे पाहून अडखळत म्हणाली, “पोरी, तोंड वाकडं करून पाणी देऊ नोको. पाणी कडू लागते.”

त्या वाक्याने मला शरम वाटली, आणि त्याच शरमेने मी वाचायला बसले.

सेवा करूनही आनंद नाही

शुभवर्तमान वाचताना प्रथम एक गोष्ट लक्षात आली. सेवा केली की आनंद मिळतोच, असे ते म्हणत नाही. उलट, सेवा करूनही दुःखी राहिलेल्या माणसांची चित्रे त्यात आहेत. लूकच्या दहाव्या अध्यायातली मार्था घ्या. येशू घरी आला आहे, ती स्वयंपाकात गुंतली आहे, आणि बहीण मरीया मात्र त्याच्या पायांशी बसून ऐकते आहे. मार्थाला राग येतो आणि ती पाहुण्याकडेच तक्रार करते. तिच्या हातात सेवा आहे, पण डोळे बहिणीवर आहेत. मी भांडी घासताना माझेही डोळे पुण्यातल्या भावावर होते. तो रविवारी फोन करी आणि सारे घर त्याचे कौतुक करी.

दुसरे चित्र अधिक बोचणारे आहे. ते लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे. उधळ्या पुत्राचा दाखला सर्वांना ठाऊक असतो. पण त्यातल्या थोरल्या भावाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. तो कधी घर सोडून गेला नाही, त्याने कधी बापाची आज्ञा मोडली नाही. धाकटा परत आल्यावर घरात वाद्ये वाजू लागतात, तेव्हा हा बाहेर उभा राहतो. इतकी वर्षे मी गुलामासारखा राबलो आणि मला काय मिळाले, हा त्याचा सवाल आहे. घर त्याचेच, बाप त्याचाच. परंतु त्याने स्वतःला नोकर समजून मजुरीचा हिशेब ठेवला होता. सेवा होती, निष्ठाही होती म्हणावी, तरी आनंद नव्हता. कारण त्याला घरात राहूनही बाप ओळखता आला नव्हता.

तालांतांचा दाखला

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात या प्रश्नाची दुसरी बाजू येते. परगावी निघालेला धनी तीन दासांवर आपली मालमत्ता सोपवतो : एकाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. तालांत हे मोठे वजन होते. एक तालांत म्हणजे मजुराची अनेक वर्षांची कमाई. धनी परत येतो तेव्हा पहिल्याने पाचाचे दहा केलेले असतात, दुसऱ्याने दोहोंचे चार. येथे दोन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत.

पहिली अशी की, धनी दोघांनाही एकाच शब्दांत शाबासकी देतो. दहाच्या मानाने चार थोडे. पण शाबासकीत तसूभरही फरक नाही. तो त्यांना यशस्वी म्हणत नाही, विश्वासू म्हणतो. यश हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. पाऊसपाण्यावर शेती करणाऱ्या आपल्या भागात हे वेगळे सांगायला नको. विश्वासूपणा मात्र हाती असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. धनी त्यांना बक्षीस म्हणून जे देऊ करतो, तो त्याचा स्वतःचा आनंद असतो. त्या आनंदात तो त्यांना बोलावतो. म्हणजे आनंद सेवकाने स्वतःच्या मनात निर्माण करायचा नाही. तो आधीच धन्याच्या घरी आहे. सेवक त्यात प्रवेश करतो. आणि तिसरा दास? त्याने पैसा जमिनीत पुरला, कारण धनी कठोर आहे असे त्याचे मत होते. त्याची चूक हिशेबात होती त्यापेक्षा ओळखीत अधिक होती. धनी कसा आहे याविषयीची आपली समजूत, हीच आपल्या सेवेचा रंग ठरवते, असा या दाखल्याचा माझ्यापुरता अर्थ मी घेते.

येथे सुख आणि आनंद यांतला भेदही ध्यानात घ्यावा लागतो. सुख परिस्थितीवर अवलंबून असते. पौलाने फिलिप्पैकरांस जे पत्र लिहिले त्यात आनंदाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. आणि ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिलेले आहे. बंदिवासात सुख नव्हते, हे उघडच आहे. मग तो आनंद कसला, हे पुस्तकी व्याख्येपेक्षा एखाद्या माणसाच्या आयुष्यात पाहावे. महाराष्ट्रात त्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

पंडिता रमाबाईंचा पुरावा

पंडिता रमाबाई यांचे चरित्र आपण बहुतेक समाजसुधारणेच्या प्रकरणात वाचतो. जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण ही एकामागून एक गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास यांनी पायी देश पालथा घातला. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये तेही वारले. पदरी मनोरमा ही लहान मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर २९ सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात आहे. बाप्तिस्मा घेतल्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या तेथे देतात. ही आठ वर्षे आळसाची नव्हती, हे लक्षात घ्या. याच काळात त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, शारदा सदन उभारले. सेवेचा डोंगर उभा होता, पण मनाला विसावा नव्हता. १८९१ च्या सुमारास त्यांना तो लाभला. काम बदलले नव्हते. आपण जशा आहोत तशा देवाने आपल्याला स्वीकारले आहे आणि हे आपल्या कर्तबगारीने मिळवायचे नाही, ही खूण त्यांना पटली होती. थोरल्या भावाला जे कळले नव्हते, ते त्यांना कळले.

यानंतरची त्यांची सेवा पाहावी. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळात भुकेने माणूस कसे मरते हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. त्या तेथे गेल्या आणि अनाथ मुलींना व विधवांना घेऊन परतल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. पुढे १९०० च्या दुष्काळात तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुली शेती करीत, विणकाम करीत, छापखान्यात खिळे जुळवीत. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. शिवाय रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करायला घेतले. साध्या बायकांना समजेल असे मराठी असावे, हा त्यांचा हेतू होता. हे काम वर्षानुवर्षे चालले. जिच्या हाती पुढचे सर्व सोपवायचे ती मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. रमाबाईंना पुढे जेमतेम आठ-नऊ महिने मिळाले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले होते. ते संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. छापील ग्रंथ पाहायला त्या नव्हत्या.

एकुलती मुलगी गेल्यावर त्या आनंदी होत्या, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. पण त्यांनी काम टाकले नाही. आनंद म्हणजे दुःखाचा अभाव, ही आपली समजूत येथे चुकीची ठरते. दुःख असूनही माणसाला ज्याच्या आधाराने उभे राहता येते, त्यालाच पौल आनंद म्हणतो, असे मला वाटते.

दुसऱ्याचे अपुरे काम

निष्ठेचा आणखी एक नमुना नगरच्या टिळक दांपत्यात दिसतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो मोठा आघात होता. काही वर्षे उभयता वेगळे राहिले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या विचाराने तो मार्ग धरला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचे अनुयायी बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत, त्यांनी एका बंधुत्वात यावे, ही त्यांची कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर पतीकडून झाली, त्यांनी उरलेले अध्याय रचले. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की, ही बाई स्वतःवरही हसू शकते. मला वाटते, हे हसणे आनंदाचीच खूण आहे. हिशेब ठेवणाऱ्याला असे हसता येत नाही.

आपल्या वाशीमचे उदाहरण

आता घराजवळ येऊ. वाशीमचे मिशन हॉस्पिटल आपल्या सर्वांना माहीत आहे. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी; हे रुग्णालय त्याच्या साठ वर्षे आधीचे. नाझरीन मंडळीने १९३८ मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल या नावाने ते सुरू केले. त्यामागे डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाई होत्या. १९३६ मध्ये त्या भारतात आल्या आणि आयुष्याची जवळजवळ चार दशके त्यांनी येथे घालवली. पुढे तेथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. चार दशके म्हणजे आम्हा शिबिरार्थींची सात दिवसांची दोन हजारांहून अधिक शिबिरे! इतक्या दिवसांत उत्साह किती वेळा आटला असेल, याचा विचार मी करते. उत्साह आटल्यावर जी उरते ती निष्ठा.

माझी आजी याच मिशन दवाखान्यात अनेक वर्षे आया होती. तिचे नाव कोणत्याही अहवालात नाही. बेडपॅन धुणे, चादरी बदलणे, बाळंतिणींना उठवणे-बसवणे हे तिचे काम. जन्मभर जिने दुसऱ्यांचे केले तिलाच आता दुसऱ्याकडून करून घ्यावे लागत होते. आणि करणारी मी, कपाळाला आठ्या घातलेली!

दोन आक्षेप

सेवेची एवढी थोरवी गायल्यावर दोन आक्षेपांना उत्तर देणे भाग आहे. पहिला असा की, ख्रिस्ती सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो. हा संशय जुना आहे. १८९३ मध्ये शारदा सदनावर हाच आरोप होऊन मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखी माणसे बाहेर पडली आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. या वादाचा निवाडा मी येथे करू शकत नाही. एवढेच म्हणते की, जी सेवा मोबदला म्हणून श्रद्धा मागते, ती पुन्हा मजुरीच झाली. ज्या भल्या शोमरोन्याचा दाखला येशूने दिला, त्याने जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नाही आणि बरा झाल्यावर काही मागायलाही तो थांबला नाही.

दुसरा आक्षेप आम्हा मुलींच्या जिव्हाळ्याचा आहे. सेवा, त्याग, सोशिकता हे शब्द घरोघरी बायकांनाच ऐकवले जातात. मग सेवेत आनंद माना असे सांगणे म्हणजे जुनेच जोखड नव्या धाग्याने बांधणे नव्हे काय? आक्षेप खरा आहे. ज्या रमाबाईंनी जन्मभर सेवा केली, त्यांनीच स्त्रीला मुकाट राबवणाऱ्या रूढींवर आघात केला, हे विसरून चालणार नाही. काढून घेतलेली सेवा आणि आपण होऊन दिलेली सेवा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. म्हणून मी वाचन संपवून पहिली गोष्ट केली ती ही की, भावाला फोन केला आणि भांडण न करता सांगितले, “दादा, हे एकटीचं काम नाही.” तो नाताळला पंधरा दिवसांची रजा घेऊन आला आणि ते दिवस आजीचे सर्व त्याने केले. पहिल्या दिवशी त्याला उलटी झाली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या तोंडून माझे कौतुक कमी आणि आजीचे अधिक ऐकू येऊ लागले.

एक रात्र

शेवटी एका रात्रीविषयी लिहिते. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास आजीची चादर ओली झाली. वीज गेलेली. आई थकून झोपली होती, तिला उठवावेसे वाटेना. एरवी चादर बदलायला दोघी लागत. मी आजीला ओढू लागले, तशी तिने डाव्या हाताने मला थांबवले.

“ओढू नोको. मी सांगतो तसं कर.”

आणि अंधारात तिने मला तिचा जुना धंदा शिकवला. आधी तिला एका कुशीवर वळवायचे. ओल्या चादरीची लांबीच्या बाजूने गुंडाळी करीत ती पाठीशी आणून ठेवायची. त्या रिकाम्या अर्ध्या बाजूवर कोरडी चादर पसरून तिचीही उरलेली अर्धी गुंडाळी तेथेच लावायची. मग माणसाला दोन्ही गुंडाळ्यांवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचे, ओली ओढून काढायची, कोरडी ओढून ताणायची. सुरकुती राहू द्यायची नाही, कारण सुरकुतीनेच पाठीला जखम होते. पहिल्या वेळी माझे चुकले. दुसऱ्या वेळी जमले. आजीने डावा हात पाठीखाली सरकवून चादर चाचपली, एखादी प्रमुख परिचारिका चाचपील तशी, आणि म्हणाली, “जमलं!” आम्ही दोघीही हसलो. तिचे हसणे अर्ध्याच तोंडाचे होते, पण हसणे होते.

वाचकहो, त्या क्षणी मला शिबिरातल्यासारखे वाटले नाही. हलके वाटले नाही. कंबर दुखत होती, झोप येत होती. परंतु मी कोणावर उपकार करीत आहे, ही भावना गेली होती. जो आनंद या म्हातारीने वर्षानुवर्षे कोणाच्या तरी चादरी सरळ करताना साठवला होता, त्या तयार घरात मला क्षणभर आत घेतले होते. दाखल्यातल्या धन्याच्या शब्दाचा अर्थ मला पुस्तकात लागला नव्हता, तो तेथे लागला.

या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष थोडक्यात असा. आनंद ही सेवेची मजुरी नाही. म्हणून तो मागून मिळत नाही. सेवा किती मोठी यावरही तो अवलंबून नाही. आपण कोणाचे आहोत हे ज्याला कळले, आणि उत्साह संपल्यावरही जो हातातले लहान काम टाकत नाही, त्याला तो बहुधा नकळत भेटतो. रोज भेटतो असे मी म्हणणार नाही. आजही माझ्या कपाळाला कधी कधी आठी पडते.

आजी अजून आहे. आज सकाळी महाविद्यालयात येण्यापूर्वी तिला पाणी दिले. कसे लागले म्हणून मी विचारले नाही. तिने पेला संपवला.